नकाराला उत्तर मागावं का?

साशंक : बँकेने क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला तर त्यावर दाद मागायची कशासाठी, हेच मला आधी कळत नाही, सर. पैसे बँकेचे. ते कोणाला द्यायचे, कोणाला नाही, हे तिनेच ठरवायचं. आपल्या जळगाव जामोदच्या बाजारात एखादा कापडवाला उधारी देत नाही म्हणून कोणी तहसीलवर अर्ज घेऊन जात नाही. पुढच्या दुकानात जातो, नाहीतर रोखीने घेतो. आणि ही उधारी आहे तरी कसली? पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं व्याज शून्यावर येतं. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. कार्डाची बाकी ओढली की महिन्यालाच साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतात, वर्षाचे चाळीसच्या वर जातात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकालही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. ज्याचं उत्पन्न पावसावर आणि कापसाच्या भावावर टांगलेलं, त्याला हे कार्ड नाकारलं गेलं तर मी म्हणेन, वाचला. वाचलेल्या माणसाने पुन्हा त्याच दारात का उभं राहायचं?

आग्रही : भाऊ, तुम्ही दोन प्रश्न एकत्र केलेत. कार्ड घ्यावं का, हा एक. नाकारलं तर का नाकारलं हे विचारावं का, हा दुसरा. पहिल्यात मी तुमच्याशी फारसा भांडणार नाही. बिल पूर्ण भरण्याची ऐपत आणि शिस्त नसेल तर कार्डाच्या वाटेला जाऊ नये. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावरून ठरत नाही. तुमचा कापडवाला उधारी नाकारतो तेव्हा तोंडावर सांगतो, की मागची बाकी आहे. गिऱ्हाईक म्हणू शकतं, ती बाकी माझ्या चुलतभावाची, नाव सारखं असल्याने तुमचा गोंधळ झालाय. मग वही उघडली जाते, पान शोधलं जातं, दोघं मिळून पाहतात. बँकेच्या नकारात ही वही उघडलीच जात नाही. मोबाइलवर दोन ओळींचा निरोप येतो आणि विषय संपतो. ज्या वहीवरून कार्ड नाकारलं तीच उद्या मोटरसायकलच्या कर्जाला उघडणार, ठिबकच्या कर्जाला उघडणार, पोरीच्या शिक्षणाच्या कर्जाला उघडणार. कार्ड नाकारलं जाणं हा फार तर पहिला इशारा आहे. त्यात जर चूक असेल आणि आपण ‘वाचलो’ म्हणून गप्प बसलो, तर ती चूक पुढे जिथे खरी गरज असेल तिथे आडवी येईल. आणि विचारण्याचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यात अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवावं असं बंधन घातलं आहे.

साशंक : बंधन आहे, मान्य. पण ते पत्र तुम्ही वाचलंय का? मी कर्जाच्या फायलींत उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यामुळे पत्र कसं लिहितात ते मला ठाऊक आहे. ‘आपला अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही.’ झालं कारण. कोणता निकष, कितीने बसत नाही, काय केलं म्हणजे बसेल, यातलं काही नाही. ‘नेमकं’ हा शब्द निर्देशात राहतो, पत्रात उतरत नाही. बरं, या पत्राविरुद्ध जायचं कुठे? बँकेच्याच तक्रार विभागात. तिथून समाधान झालं नाही, किंवा 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि लोकपालाची 2021 ची योजना वाचली तर बँकेचा व्यावसायिक निर्णय तिने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. कर्ज द्यायचं की नाही, हा अगदी शुद्ध व्यावसायिक निर्णय. म्हणजे ज्याने नाकारलं त्याच्याकडेच परत जाऊन म्हणायचं, पुन्हा विचार करा. याला अपील म्हणत नाहीत, विनवणी म्हणतात. त्यातही आपल्याकडची अवस्था पाहा. अर्ज ॲपवर केलेला असतो, त्या बँकेची शाखा इथे नसते, पडताळणीचा माणूस खामगाव नाहीतर अकोल्याहून यायचा. समोर बसून ‘अहो, असं नाही, असं आहे’ म्हणायला माणूसच नाही.

आग्रही : निर्णय त्यांचा आहे, यात वाद नाही. पण निर्णय ज्या माहितीवर होतो ती माहिती माझी आहे, आणि तिच्याबद्दल मला कायद्याने अधिकार दिला आहे. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने तो दिला. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण चौघींनाही सरसकट सिबिल म्हणतो. 2017 पासून या चौघींनी प्रत्येकी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. तो काढून वाचला की दाद मागणं म्हणजे काय ते दिसतं.

एक माणूस डोळ्यांपुढे आणा. कृषी सेवा केंद्र चालवतो, जीएसटी भरतो, दुकानाचा सगळा व्यवहार चालू खात्यातून. कार्डाचा अर्ज नाकारला गेला. अहवाल काढला तर त्यात त्याने कधीच न घेतलेलं एक ट्रॅक्टरचं कर्ज. नीट पाहिलं तेव्हा उमगलं, की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला तो जामीनदार होता. अशा प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक पट्टी असते, छत्तीस महिन्यांची. हप्ता वेळेत गेला तर त्या महिन्याच्या घरात तीन शून्यं. थकला की त्याच घरात किती दिवस थकला तो आकडा येतो आणि महिन्यागणिक चढत जातो, 30, 60, 90. शेजाऱ्याने कर्ज केव्हाच फेडलं होतं, नो ड्यूजचा कागद त्याच्या कपाटात होता, पण फायनान्स कंपनीने ते खातं बंद झाल्याचं कळवलंच नव्हतं. पट्टीतले आकडे चढतच होते. आता इथे बँकेच्या व्यावसायिक निर्णयाशी भांडायचंच नाही. नो ड्यूजची प्रत जोडून पतमाहिती कंपनीकडे तक्रार टाकायची. ती फायनान्स कंपनीला विचारते, कारण तिच्या होकाराशिवाय नोंद बदलता येत नाही. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू झाला आहे. आणि सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. नोंद दुरुस्त झाली की मग त्याच बँकेला पत्र : तुम्ही ज्या माहितीवर नाकारलंत ती चुकीची होती, ही दुरुस्त प्रत, फेरविचार करा. या पत्रात विनवणी कुठे आहे?

साशंक : या उदाहरणात नाही. पण तुम्ही निवडलेलं उदाहरणच सोपं आहे. नोंद खोटी, पुरावा हाताशी, माणूस लिहिता-वाचता, दुकानात स्कॅनर. खोटी नोंद दुरुस्त व्हावी याला कोण नाही म्हणेल? माझा प्रश्न खऱ्या नोंदीचा आहे. जुलै 2023 मध्ये आपल्या आणि संग्रामपूर तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाल्याकाठच्या जमिनी खरवडून गेल्या. त्या वर्षी ज्यांचं कर्ज थकलं त्यांच्या पट्टीत तो आकडा बसला आहे आणि तो आकडा शंभर टक्के खरा आहे. त्यावर तक्रार कशाची करणार? पाऊस पडल्याची?

कर्जमाफीचंही तेच. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत, 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंत थकबाकी माफ झाली. सरकारने सांगितलं, तुझं कर्ज आम्ही फेडलं. पण अशा काही खात्यांपुढे ‘सेटल’ किंवा ‘राइट ऑफ’ असा शेरा बसला, आणि तो वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो की या माणसाने पैसे बुडवले. शेतकऱ्याने बुडवले नाहीत. सरकारने योजना काढली, बँकेने ती राबवली, आणि डाग मात्र शेतकऱ्याच्या नावावर पडला. उलट बाजूही पाहा. जो माणूस पतसंस्थेचं कर्ज वर्षानुवर्षं वेळेत फेडतो, भिशीचा हप्ता चुकवत नाही, कृषी केंद्राची उधारी कापूस विकला की त्याच आठवड्यात चुकती करतो, त्याचा प्रामाणिकपणा या अहवालात बहुधा उमटतच नाही. बऱ्याच पतसंस्थांची माहिती तिथवर पोहोचत नाही. मग बँक म्हणते, नोंदच नाही. तीही गोष्ट खरीच. सर, अन्याय खोट्या नोंदींनी जेवढा होतो त्याहून जास्त खऱ्या नोंदींनी होतो, आणि तिथे तुमचं अपील मुकं आहे.

आग्रही : मुकं नाही, अवघड आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी वेगवेगळ्या घ्या. कर्जमाफीच्या खात्याला चुकीचा शेरा असेल तर बँकेकडून योजनेत खातं बंद झाल्याचा दाखला घ्यायचा आणि शेरा बदलून मागायचा. ही तक्रार लढण्यासारखी आहे, कारण शेऱ्यातून निघणारा अर्थ वस्तुस्थितीला धरून नाही. पूर्वीची नोंदच नसलेल्या माणसाबाबत तर जानेवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये. केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये संसदेतही तेच सांगितलं. नाकारणाऱ्या बँकेला पत्र लिहिताना याचा हवाला देता येतो. ते जमलं नाही तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यायचं, वर्षभर वापरून बिल पूर्ण भरायचं आणि नोंद तयार करायची.

राहिला पावसाचा आकडा. तो पुसता येत नाही, पण त्याची बाजू मांडता येते. पंचनाम्याची प्रत, पुढच्या हंगामात फेड सुरू झाल्याच्या पावत्या, सध्याच्या उत्पन्नाचा पुरावा, असं सगळं जोडून फेरविचार मागणं यालाच मी अपील म्हणतो. आणि काही नकार तर पैशाचे नसतातच. पत्त्यात नुसतं ‘जळगाव’ लिहिलं, जामोद राहिलं, की पडताळणीचा कागद खानदेशात जाऊ शकतो. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. पगारदार माणसाने कंपनीचं नाव अर्धवट लिहिलेलं. एवढ्या कारणाने गेलेला अर्ज एका पत्राने परत उभा राहतो. लोक करतात काय, तर नाकारलं की चिडून त्याच रात्री आणखी चार ॲपवर अर्ज टाकतात. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते, इतक्या ठिकाणी हा माणूस पैसे मागत फिरतोय असं चित्र तयार होतं आणि सिबिलचे गुण आणखी घसरतात. आपण स्वतः आपला अहवाल कितीदाही पाहिला तरी गुण कमी होत नाहीत. म्हणून मी म्हणतो, नकारानंतर दुसरा अर्ज नको, आधी पहिल्याचं कारण.

साशंक : तुमची शिस्त मला पटते. पण या सगळ्याच्या मुळाशी जे गृहीत आहे ते तुम्ही तपासत नाही. 300 ते 900 मधला त्या गुणांचा आकडा माणसाचा भूतकाळ सांगत नाही, भविष्य वर्तवतो. हा पुढे पैसे बुडवील का, याचा तो अंदाज आहे. आपल्याच तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. शेतात घट आखतात, भोवती अठरा धान्यं मांडतात, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यावर पाण्याने भरलेली घागर. रात्रभर ते तसंच राहतं आणि पहाटे वाघ घराण्यातले जाणते लोक पाहून सांगतात, पाऊस कसा, पीक कोणतं, भाव कसा. मी ते भाकीत मानतो असं नाही. पण ती मांडणी सगळ्यांसमोर होते. कोणता दाणा कुठे सरकला हे जमलेला प्रत्येक जण पाहतो, आणि दिवाळीपर्यंत अंदाज किती खरा ठरला याची चर्चा पारावर होते. सिबिलच्या मांडणीत काय काय ठेवलंय, कशाला किती वजन आहे, रात्रीत काय सरकलं, हे कोणी पाहिलंय? फेडीचा इतिहास, मर्यादेपैकी किती वापरलं, कर्जं किती जुनी, चौकश्या किती, एवढी ढोबळ यादी सांगतात. हिशेब सांगत नाहीत. आणि त्यावर प्रत्येक बँक आपला आणखी एक हिशेब चढवते, त्यात तुमचा पिनकोडही असू शकतो. न दिसणाऱ्या भाकिताविरुद्ध पुरावा कसा द्यायचा?

आग्रही : हाच मुद्दा माझ्या बाजूने लागतो. भेंडवळच्या भाकितावर विवेकवादी मंडळी जाहीर टीका करू शकतात, ती मांडणी उघड्यावर होते म्हणूनच. पतगुणांची मांडणीही उघड्यावर आली पाहिजे, आणि ती आणण्याचं आपल्या हातातलं साधन म्हणजे प्रत्येक नकाराचं कारण लेखी मागणं. इतिहास पाहा. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात व्याजाची चर्चा होतीच, पण काही कलमं मला फार मोलाची वाटतात. सावकाराने पावती द्यायची, मागितलं तर वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा, आणि न्यायाधीशाला व्यवहार अगदी सुरुवातीपासून उकलून पाहता यावा. म्हणजे दस्तावर अंगठा आहे एवढ्याने प्रश्न मिटायचा नाही, दस्त झाला कसा हे पाहायचं. कर्ज स्वस्त व्हायच्या आधी हिशेब दिसायला लागावा, हे त्या काळी लोकांना कळलं होतं. आज आपण त्याच पायरीवर उभे आहोत.

साशंक : तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला, वऱ्हाडात नाही. आणि जिथे झाला तिथेही सावकारी संपली नाही, कारण हिशेब मागायला कोर्टात जावं लागे आणि कोर्टात जाणारा दुसऱ्या दिवशी बियाण्यासाठी पुन्हा त्याच सावकाराच्या दारात असे. तुमच्या कृषी केंद्रवाल्याचा प्रश्न सुटेल, कारण त्याला पत्र लिहिता येतं. त्याच्याच दुकानात बियाणं घ्यायला आलेल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या बाईचा सुटणार नाही. तिच्या नावावर बचत गटाची नोंद चुकीची चढली असेल तर ते तिला कधी कळणारच नाही. इंग्रजी अहवाल, पासवर्ड, ओटीपी, बंद पडलेला मोबाइल नंबर. हक्क सगळ्यांना सारखा दिला म्हणजे तो सगळ्यांना सारखा पोचला असं होत नाही. उलट शिकलेले लोक आपापल्या नोंदी साफ करून घेतील आणि जे उरतील त्यांच्याकडे बँक आणखी संशयाने पाहील, की बाकीच्यांनी दुरुस्त केलं, याने केलं नाही, म्हणजे याचं खरंच असणार.

आग्रही : ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच हे काम एकट्याने करायचं नाही. महाविद्यालयातली पोरं, बचत गटाच्या सीआरपी ताई, सेतू केंद्रवाले यांनी अहवाल काढून वाचून दाखवायला शिकलं पाहिजे. सातबारा वाचायला आपण असेच एकमेकांकडून शिकलो. शिवाय एकेकट्या तक्रारी साचल्या की त्यांचा आवाज वरपर्यंत जातो. पीककर्जाला सिबिल लावतात अशा तक्रारी गावोगाव साचल्या, म्हणूनच मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांना म्हणावं लागलं, की पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू. लोक गप्प बसले असते तर हे झालं असतं का?

साशंक : म्हणावं लागलं, आणि ते पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. एकच ताकीद पुन्हा पुन्हा द्यावी लागते याचा अर्थ शाखेत काही बदललेलं नाही. शाखाधिकारी तोंडी सांगतो, ‘वरून सिस्टिम घेत नाही,’ लेखी काही देत नाही. पण माझी अडचण त्याच्याही पुढची आहे. समजा आकडा बाजूला ठेवला. मग कर्ज कोणाला द्यायचं हे कशावरून ठरणार? मी जुने दिवस पाहिलेत. संचालकाची चिठ्ठी, सोसायटीच्या सचिवाची मर्जी, कोण कोणाच्या पॅनेलचा, आडनाव काय. कर्ज ओळखीवर जात होतं. नागपूर, वर्धा आणि आपली बुलढाणा, या तीन जिल्हा बँका डबघाईला आल्या, 2014 च्या सुमारास सरकारला पैसे ओतून त्यांना उभं करावं लागलं, आणि मधल्या काळात ठेवीदार आपल्याच पैशासाठी हेलपाटे घालत होते. म्हणून मी आकड्याचा शत्रू नाही. आकडा आडनाव विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

आग्रही : मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात की.

साशंक : नाही, सर. मी दोन्हीकडून अडकलोय, आणि मला वाटतं प्रश्न नेमका इथेच आहे. ओळखीवर चालणारी बँक मला माणूस म्हणून पाहत होती, पण पक्षपात करत होती. आकड्यावर चालणारी बँक पक्षपात कमी करते, पण मला पाहतच नाही. ती पाहते माझ्यासारख्या हजारोंना. ज्यांचं उत्पन्न वर्षातून एकदा, दिवाळीनंतर कापूस विकल्यावर येतं, त्यांच्यापैकी किती जणांचं महिन्याचं बिल थकतं, एवढंच तिला ठाऊक असतं. पीककर्जाच्या थकबाकीचे नियम करताना रिझर्व्ह बँकेने महिन्यांऐवजी पीक हंगाम मोजले, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम दिले. कार्ड मात्र महिना मोजतं, आणि त्याला दुसरं काही मोजता येत नाही. तुम्ही अपिलात लिहिता, ‘मी तसा नाही.’ आणि यंत्रणा तुम्हाला उत्तर देते, ‘तुमच्यासारखे असे आहेत.’ ही दोन वाक्यं एकमेकांना भिडतच नाहीत. तुमचं खरं असू शकतं आणि तिचंही खरं असू शकतं. मग निकाल काय द्यायचा?

आग्रही : इथे मला थांबून विचार करावा लागतो. आतापर्यंत मी धरून चाललो होतो की नकाराला दोनच कारणं असतात : माहिती चुकीची, किंवा माहिती अपुरी. पहिलीसाठी दुरुस्ती, दुसरीसाठी जोडपत्र. तुम्ही तिसरं कारण दाखवता : माहिती बरोबर, पुरेशी, आणि तरीही ती माझ्याबद्दल नाही. यासाठी आज कोणत्याही अर्जात जागा नाही, हे मला मान्य करायला हवं. पण मग अपिलाचं मोल वाढतं, कमी होत नाही. कारण ‘मी तसा नाही’ हे म्हणायची सगळ्या यंत्रणेत ती एकच वेळ आहे. मी माझ्या तीन वर्षांच्या कापूसविक्रीच्या पावत्या जोडीन, पतसंस्थेकडून फेडीचा दाखला आणीन, आणि म्हणेन की हे एका माणसाने वाचावं आणि मग नाही म्हणावं. वाचूनही नाही म्हटलं तर तो निर्णय मी मानीन. न वाचता म्हटलेलं नाही मला मान्य नाही.

साशंक : म्हणजे तुमची मागणी कार्डाची नाही, वाचणाऱ्या माणसाची आहे. ही मागणी मला पटते, आणि पटली म्हणूनच तिची दुसरी बाजू सांगतो. तो वाचणारा माणूस नेमला की त्याच्या हाती सवलत येते, आणि सवलत देणाऱ्याच्या दारात चिठ्ठ्या यायला वेळ लागत नाही. चिठ्ठ्या रोखायला तुम्ही त्याला नियम घालाल, नियमांची यादी कराल, यादीला गुण द्याल, आणि फिरून पुन्हा आकडाच होईल. शिवाय बँक म्हणेल, प्रत्येक नाकारलेला अर्ज माणसाने वाचायचा तर त्याचा खर्च कोणाच्या व्याजात घालू? आजच ते व्याज चाळीसच्या वर आहे.

आग्रही : खर्च आज ज्यांना नाकारलं तेच भरताहेत, फक्त तो बँकेच्या वहीत दिसत नाही. बँकेने नाकारलेला माणूस रोखीने जगत नाही, भाऊ. तो खासगी फायनान्सकडे जातो, मोबाइलवरच्या झटपट कर्जाकडे जातो, नाहीतर बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवतो. तुम्ही सुरुवातीला म्हणालात, नाकारला गेला तो वाचला. तो कशापासून वाचला आणि कशात पडला, दोन्ही मोजायला हवं.

साशंक : मोजायला हवं, आणि तुम्ही ज्याला कार्ड मिळवून द्याल तो पुढे किमान रक्कम भरत भरत बाकी वाढवत नेतोय का, हेही मोजायला हवं. नोंद दुरुस्त करून देणाऱ्याची जबाबदारी कार्ड हातात पडलं की संपते का? तुम्ही अहवाल वाचायला शिकवणार असाल तर बिल वाचायलाही शिकवावं लागेल, नाहीतर आपण लोकांना एका वहीतून सोडवून दुसऱ्या वहीत टाकलं असं होईल.

आग्रही : शिकवू. ती अट मी घेतो. पण त्या बदल्यात तुम्हीही एक घ्या. यापुढे कोणी नकाराचा निरोप घेऊन आला तर त्याला ‘वाचलास’ म्हणून परत पाठवू नका. आधी अहवाल काढायला सांगा. चूक असेल तर दुरुस्ती, अपुरं असेल तर कागद. आणि दोन्ही नसेल, नोंद खरी, बँक नियमात, तरीही माणूस फेडणारा आहे हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक असेल, तर ते सगळं लिहून अर्ज कराच.

साशंक : त्या तिसऱ्या अर्जाला आज उत्तर देणारं कोणी नाही, हे त्याला सांगूनच मी तो लिहायला लावीन. उत्तर कोणी द्यावं, तुमच्या वाचणाऱ्या माणसाने की माझ्या आंधळ्या पण निःपक्ष आकड्याने, हे मला अजून ठरवता येत नाही. पण कोणता अर्ज पहिल्या दोन प्रकारांतला आणि कोणता तिसऱ्या, हे वेगळं काढल्याशिवाय ते ठरणारही नाही. आजवर सगळ्यांना एकच दोन ओळींचा निरोप जात आला आहे.